तिसऱ्या रांगेतला मासा

१२ जानेवारी

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मला बोलायला बंदी झाली आहे, म्हणून लिहिते आहे.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि माझ्याच गळ्याचं आतलं दृश्य मला टीव्हीवर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन गाठी आहेत, समोरासमोर, दोन शेजारणी भांडायला दारात उभ्या राहाव्यात तशा. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही." मी विचारलं, "हसलं तर चालेल?" ते म्हणाले, "हा तुमचा शेवटचा प्रश्न."

चाळीस वर्षं ड्रम बडवून नवऱ्याचे कान अर्धे गेलेत, आता माझं तोंड पूर्ण गेलं. घर इतकं शांत आहे की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. मी पाटीवर लिहिते, तो चष्मा शोधायला जातो, चष्मा सापडेपर्यंत मी चिडून पुसून टाकते. तू म्हणशील, फोनवर लिही. फोनवर मी एका बोटाने लिहिते आणि राग मला दोन्ही हातांनी येतो. शिवाय तुझा फोन कायम कुठल्यातरी पडद्याच्या कापडाखाली असतो.

आता मुद्दा. १६ मार्चला आमच्या 'मुके मासे' बँडला चाळीस वर्षं होतात. मोठ्या थिएटरात कार्यक्रम ठरला आहे. बंदी २३ फेब्रुवारीला उठेल, पण आवाज परत येईल की नाही, आला तर कोणता येईल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. काल आमचा मॅनेजर आला होता. तो गिटारवाल्याचा भाचा, बूट दाराबाहेर सरळ रेषेत काढून ठेवणारा गुणी माणूस. म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. जुन्या रेकॉर्डवरचा तुमचाच आवाज लावू. तुम्ही फक्त ओठ हलवा."

सोबत आलेल्या गिटारवाल्याला माझी गोष्ट माहीत आहे. तो कप उचलून गुपचूप स्वयंपाकघरात गेला. मी पाटी फेकली. लागली नाही कुणाला, पाटी फुटली. नवऱ्याने नवी आणली.

तुला तर सगळं आठवतच असेल. मी अकराची, तू तेराची आणि कॉन्व्हेंट शाळेच्या समूहगानाची मॉनिटर, छातीवर तो निळा बिल्ला. समारंभाच्या आदल्या दिवशी मी नळावर तोंड धूत गात होते आणि तू येऊन सांगितलंस, "म्युझिक सिस्टर म्हणाल्या, उद्या तू तिसऱ्या रांगेत उभी राहा आणि फक्त ओठ हलव." अशा मुलींना आपण मासे म्हणायचो. मी मासा झाले. त्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक कार्यक्रमात शेवटचा वरचा सूर मी त्या बाईच्या चष्म्यावर नेम धरून मारला आहे. मी ओठ हलवणार नाही, ताई. गाईन, नाहीतर घरी बसेन.

आणि एक ठरवलं आहे. सिस्टर हयात असतील तर त्यांना पहिल्या रांगेत बसवणार.

आईला नमस्कार.

तुझी बारकी

*

१९ जानेवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र मी दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून वाचलं आणि एका डॉक्टरीणबाईंच्या खिडकीचा पडदा भाजला. नशीब, अस्तर होतं.

गळ्याची काळजी घे. कोमट पाणी पी. पाट्या फोडू नकोस. आईला तुझी बातमी मोठ्यांदा सांगितली. तिने विचारलं, "बोलायची बंदी? मग गाईल ना?" नंतर विचारलं, "तिच्या त्या वाजवणाऱ्या नवऱ्याला नोकरी लागली का?" अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही तिला तुमच्या संसाराची काळजी आहे.

सिस्टरचं मात्र डोक्यातून काढून टाक. एक तर त्या नव्वदीच्या पुढे असतील. दुसरं म्हणजे त्यांना प्रवास झेपणार नाही. तिसरं, तुमचा तो आवाज झेपणार नाही. चौथं, त्या कदाचित नसतीलच. आणि असतील तर त्यांना काही आठवत नसेल. आणि आठवत असेल तर या वयात त्यांना कशाला छेडायचं? पन्नास वर्षं झाली. मुलींच्या शाळेत अशा गोष्टी होतच असतात. जाऊ दे ना.

आणि ओठ हलवण्यात एवढं वाईट काय आहे? आराम पडेल गळ्याला.

तुझी,
ताई

*

२८ जानेवारी

प्रिय ताई,

तुझी सगळी कारणं नवऱ्याला वाचायला दिली. तो म्हणाला, "ताईंचं मन फार हळवं. म्हातारीची काळजी करतात." मलाही तेच वाटलं. तू लहानपणापासून अशीच, मुंगी चुकवून चालणारी.

पण उशीर झाला. पत्ता मिळाला. निवृत्त सिस्टर्सचं एक घर आहे, तिथे त्या आहेत, नव्वद पूर्ण. मी चार पानी पत्र पाठवलं. त्यात सगळं सांगितलं: तुमच्या त्या एका वाक्याने माझं सगळं आयुष्य कसं ठरलं. दुसऱ्या वर्षी मी समूहगान सोडलं. टायरच्या गोदामामागे एक पोरगा मोडकी गिटार वाजवायचा, दुसरा बिस्किटांचे रिकामे डबे बडवायचा. त्यांच्याकडे एकच गोष्ट नव्हती, ओरडणारं कुणीतरी. मी ओरडले. गोदामाचा मालक बाहेर आला, त्याला वाटलं चोर शिरलेत. डबेवाल्याशी मी पुढे लग्न केलं, हेही लिहिलं.

बँडचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मुलांनी 'वादळ', 'वणवा' असली नावं आणली होती. मी म्हटलं, 'मुके मासे'. त्यांनी का विचारलं, तर मी नळावरची गोष्ट सांगितली. गिटारवाल्याने त्याच बैठकीत 'तोंड उघड'ची चाल बांधली. ताई, लोक ते गाणं अजून लग्नात लावतात. त्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा अपमान आहे, हे नाचणाऱ्यांना ठाऊकही नाही.

हेही तुला सांगते. चाळीस वर्षांत मी पावसाने गळणाऱ्या तंबूत गायले, कारखान्याच्या गेटवर गायले, एकदा चुकून दुसऱ्याच कुणाच्या निवृत्तीच्या समारंभात गायले आणि त्या साहेबांनी रडत माझे आभार मानले. प्रत्येक ठिकाणी शेवटच्या सुराच्या आधी मी डोळे मिटले की सिस्टर दिसायच्या. पियानोमागचा तो गोल चष्मा. त्या दिसल्या की सूर आपोआप वर जायचा, कुकरची शिट्टी जाते तसा.

मुकेपणाचा अठरावा दिवस. भाजीवाल्याला मी बहिरी वाटते, तो भाव ओरडून सांगतो. एरवी भाव करणारी मी, आता मान डोलावून येते. तो फार खूश आहे माझ्यावर.

तुझी बारकी

*

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथं आहे, हे टाकणारच, कारण सिस्टरचं उत्तर तुझ्याकडे पोहोचायच्या आधी हे पोहोचायला हवं.

सिस्टरनी तुझ्यासाठी निरोप दिलाच नव्हता. मला सांगितलं होतं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला पियानोच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, मॉनिटर म्हणून काही काम असेल. दार लावून त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाळा, तुझं मन गाण्यात आहे, पण कान नाही. उद्या पाहुणे येणार आहेत. तू तिसऱ्या रांगेत उभी राहा आणि फक्त ओठ हलव." वर म्हणाल्या, "कुणाला कळणार नाही."

मी बाहेर आले. छातीवर बिल्ला. समूहगानाची मॉनिटर आणि मासा. आईने माझ्या गणवेशाला नवी कॉलर लावली होती, ती पहिल्या रांगेत बसून मला ऐकणार होती. आणि नळावर तू गात होतीस. तुझे केस ओले होते, फ्रॉकवर पाणी सांडलेलं, आणि तुझा आवाज नळाच्या पाण्याहूनही सहज पडत होता. मी काय विचार केला ते आता सांगता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलीचा हिशेब एवढाच होता की सिस्टरना एक तोंड बंद हवं आहे. मी एक बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रांगेत उभी राहून जीव तोडून गायले. शेवटचा वरचा सूर आलाच नाही, कारण तो सूर लागणारं एकच तोंड शाळेत होतं आणि ते मागे उघडझाप करत होतं. सिस्टर वाजवता वाजवता मान उंच करून तुला शोधत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं.

त्यानंतर मी कधी गायले नाही, बारके. मुलांना झोपवताना पाढे म्हटले. नातीला ती चाल वाटते, ती पाढ्यांनीच झोपते. न्हाणीघरातसुद्धा मी गप्प असते. ही शिक्षा म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते.

तुझ्या प्रत्येक कॅसेटचं पाकीट माझ्या कपाटात आहे. ऐकायचं धाडस दारं-खिडक्या लावूनच केलं.

आता तुला काय लिहावंसं वाटेल ते लिही. पाटी इकडे फेकलीस तरी चालेल.

ताई

*

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सिस्टरचं उत्तर आलं. आजच्याच टपालाने, म्हणून लगेच लिहिते.

निराशा. त्यांना मी आठवत नाही. माझ्या चार पानांना त्यांनी अर्धं पान पाठवलं आहे, थरथरत्या पण सुरेख अक्षरात. पियानो आठवतो. त्याच्या आतल्या लोकरीला कसर लागायची ते आठवतं. समूहगानाचं निळं पुस्तक कुणीतरी परत केलं नव्हतं, ते माझ्याकडे आहे का, असं विचारलं आहे. शेवटी हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते: "त्या वर्षी शेवटचा वरचा सूर आला नाही. एवढ्या वर्षांत माझा तो एकच कार्यक्रम फसला. का, ते मला कधी कळलं नाही."

बघ की. स्वतःच माझं तोंड बंद केलं आणि आता सूर कुठे गेला म्हणून विचारतात. वय झालंय बिचाऱ्यांचं. रागवायला गेले तर राग उभाच राहीना. त्या येऊ शकत नाहीत, पण म्हणतात, "देव तुझा गळा सांभाळो."

ते निळं पुस्तक तुझ्याकडे तर नाही?

तुझी बारकी

*

६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं तीन तारखेचं मिळालं. म्हणजे सिस्टरना काहीच आठवत नव्हतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं.

माझं तीन तारखेचं पत्र अजून उघडलं नसशील तर उघडू नकोस. त्यात पडद्यांच्या मापाखेरीज काही नाही. उघडलं असशील तर काहीतरी कळव. एक ओळ चालेल. शिवीही चालेल.

पुस्तक माझ्याकडे आहे.

ताई

*

२५ फेब्रुवारी

ताई,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. लिहायला बसले की पाटीवरच लिहायचे आणि पुसायचे. नवरा म्हणाला, "कुणावर एवढी चिडली आहेस?" मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे ताईंनी खोटं सांगितलं नसतं तर तू माझ्याकडे डब्यांच्या आवाजाला आलीच नसतीस." आणि उठून चहा करायला गेला. चाळीस वर्षांत त्याने स्वतःहून केलेला हा तिसरा चहा. तुला माफ करावं असं त्याला वाटतं, हे मला साखरेवरून कळलं.

मला अजून तसं वाटत नाही. मी फार चिडले आहे. सगळ्यात जास्त कशाने, सांगू? मी पन्नास वर्षं एका निरपराध म्हातारीवर नेम धरत होते. ती बाई माझा सूर शोधत होती आणि मी तो तिला फेकून मारत होते.

परवा बंदी उठली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, शेजारणी आत गेल्या आहेत, दारं बंद. पहिला शब्द काय बोलावा याचा सहा आठवडे विचार केला होता, प्रत्यक्षात म्हणाले, "आई गं, ती नळी." आवाज आला. खालचा आला, जरा जाड, पण आपला.

कालपासून सराव सुरू केला. गिटारवाल्याने सगळी गाणी दोन पट्ट्या खाली आणली. सगळं जमतं, ताई. फक्त 'तोंड उघड'चा शेवट जमत नाही. डोळे मिटते. पूर्वी चष्मा दिसायचा. आता नळावर उभी असलेली, कडक कॉलर घातलेली, रडवेली तेरा वर्षांची एक मुलगी दिसते. तिच्यावर मला ओरडता येत नाही. सूर अर्ध्यात येतो आणि चौकशी करून परत जातो.

मॅनेजरने रेकॉर्डिंग तयार ठेवलं आहे. "फक्त तो एकच सूर, काकू. कुणाला कळणार नाही."

ओळखीचं वाक्य आहे ना?

बारकी

*

१ मार्च

प्रिय बारके,

तू लिहिलंस, एवढ्यानेच मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. शिवणाऱ्या बाईने विचारलं, कुणी आजारी आहे का? म्हटलं, होतं.

तुझी अडचण मला समजली, आणि त्यावर उपाय माझ्याकडे आहे. तुला ओरडायला कुणीतरी हवं. सिस्टर निर्दोष सुटल्या. ती तेरा वर्षांची मुलगी तुला दयनीय वाटते, तो तुझा चांगुलपणा. पण त्रेसष्ट वर्षांची मी दयनीय नाही. दुकान आहे, दोन मशिनं आहेत, वजन वाढलंय, आणि तुला ओठ हलवायला सांगणारं पत्रसुद्धा मी जानेवारीतच लिहिलं. दुसऱ्यांदा. ते काढून पुन्हा वाच, राग येईल.

मला तिकीट पाठव. पहिल्या रांगेतलं नको, तिसऱ्या रांगेतलं. मी तिथे बसते. तू माझ्यावर नेम धर.

आईला चार तास शेजारणीकडे ठेवीन. तिने विचारलं, कुठे चाललीस? सांगितलं, बारकीचं गाणं ऐकायला. म्हणाली, "ती गाते छान. तुझ्यासारखीच."

ताई

*

१८ मार्च

प्रिय ताई,

कुठे पळालीस? कार्यक्रम संपल्यावर मी घामाने भिजलेली, एका पायात बूट घालून तिसऱ्या रांगेपर्यंत आले तर तुझ्या खुर्चीवर फक्त ते निळं पुस्तक. सिस्टरना पाठवलं आजच. विलंबाचं कारण लिहिलं नाही.

आता तुला माहीत नसलेला भाग सांगते, कारण तुला समोरून दिसलं आणि मला मागून.

कार्यक्रमाआधी मी ध्वनिवाल्याकडे गेले. पाटी अजून सवयीने बरोबरच होती. तिच्यावर लिहिलं, 'रेकॉर्डिंग लावलंस तर वायर कापीन.' त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन बटणावर चिकटपट्टी लावून आला. मुलगा गुणीच आहे.

रंगमंचावर दिवे डोळ्यांवर असतात. मला पहिली रांगही दिसत नाही, तिसरी कुठली दिसायला. म्हणजे तुझी सगळी योजना मुळात फसलेली होती. तू तिकडे गुन्हेगारासारखी ताठ बसलेली आणि मला नुसता काळोख. 'तोंड उघड' आलं. शेवट आला. मी डोळे मिटले. आत कुणीच नव्हतं. चष्मा नाही, कॉलर नाही, तूही नाहीस. सूर निघाला, अर्ध्यावर गेला आणि गळ्यात थांबला. गिटारवाला थांबला. सगळे थांबले. नवऱ्याला काही ऐकूच आलं नाही, तो बडवत राहिला. त्यामुळे गाणं मोडलं नाही, नुसतं उभं राहिलं, वाट बघत.

आणि तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला.

ताई, मी व्यवसायाने गायिका आहे, खोटं बोलणार नाही. असा बेसूर मी आयुष्यात ऐकलेला नाही. तो वरही नव्हता आणि खालीही नव्हता, तो शेजारच्या गल्लीत होता. पण केवढा मोठा. पन्नास वर्षं साठवलेला. चार हजार लोकांनी मान वळवली. कुणीतरी हसलं. मला कळलं, ही आपली ताई, उभी राहून गाते आहे. आणि मला हसू फुटलं. डॉक्टरांनी ज्याचं उत्तर दिलं नव्हतं ते हसू. त्या हसण्यातच गळा सुटला आणि सूर वर गेला. पूर्वीसारखा शिट्टीचा नव्हे, जाड, खरबरीत, पण पोहोचला. राग नव्हता त्यात. रागाशिवाय तो कसा लागतो हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. मग सगळं थिएटर गायला लागलं, म्हणून तुझा आवाज झाकला गेला. त्यांचे उपकार मान.

गिटारवाला विचारत होता, "ती बाई कोण?" मी सांगितलं, "आमच्या बँडचं नाव तिनेच ठेवलं."

ऑक्टोबरमध्ये पुन्हा कार्यक्रम आहे. तिसऱ्या रांगेत तुझी खुर्ची कायमची. पण सिस्टरचं निदान अगदी बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. तेव्हा पुढच्या वेळी, ताई, तू फक्त ओठ हलव.

तुझी बारकी

*

२२ मार्च

प्रिय बारके,

बस चुकली असती म्हणून निघाले. पळाले नाही.

तुमच्या थिएटरच्या पडद्याची खालची शिवण उसवली आहे, डाव्या बाजूला, हातभर. ऑक्टोबरच्या आधी कुणाला तरी सांग, नाहीतर मी सुई-दोरा घेऊन येईन.

नातीला काल पाढ्यांऐवजी गाणं म्हटलं. तिने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "आजी, दोनचा म्हण." मी दोन्ही कडवी पुरी केली.

ओठ हलवणार नाही. गाणार आहे. सिस्टरना कळव.

तुझी ताई